मी पाठवलेली चुकीची चिठ्ठी



चिठ्ठी म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो, हो ना? "उद्या पालकांना घेऊन येणे", "पाल्याचे पाढे कच्चे आहेत"... बाईंची चिठ्ठी आत ठेवली की दप्तर एकदम जड होतं! आज मात्र मी तुम्हांला एका वेगळ्याच चिठ्ठीची गोष्ट सांगणार आहे. ती चिठ्ठी मीच लिहिली होती. आणि ती चुकीची होती.

झालं काय, की काही वर्षांपूर्वी जून महिन्यात माझ्या चौथीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचं नाव मी सांगणार नाही. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, गोष्ट सांगा, पण नाव नको." तर ही आपली मैत्रीण हसरी, पाढ्यांत पक्की, आणि चित्रं तर अशी काढायची की बघत राहावं! पण तिच्या हातांवर, मानेवर, पाठीवर तपकिरी डाग होते. कुणी चहाचे थेंब शिंपडावेत तसे.

पहिल्या आठवड्यात तिच्या बाकावर तीन मुली बसत होत्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्या आठवड्यात ती एकटीच बसली. "बाई, तिला गजकर्ण झालंय, आपल्यालाही होईल," अशी कुजबूज माझ्या कानांवर आली. एका मुलानं तर डाग खरा की खोटा हे बघायला पट्टीच्या कडेनं तिच्या दंडावरचा एक डाग खसाखसा घासला. बघता बघता तो डाग फुगला, लालेलाल झाला, तिथे गांधच उठली. ती रडायला लागली. मुलं ओरडली, "बघा बाई, पसरतंय!"

आणि मी काय केलं? डॉक्टरांना विचारलं नाही, तिच्या आईला विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली: "आपल्या पाल्यास त्वचेचा संसर्गजन्य आजार दिसतो. बरा झाल्यावरच शाळेत पाठवावे."

चार दिवस तिचा बाक रिकामा होता. पाचव्या दिवशी तिची आई आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाइल. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, हा आजार लागत नाही. तीन ठिकाणी दाखवलं, दोन वर्षं नायट्याचं मलम लावलं, तेव्हा कुठे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी कातडीचा छोटा तुकडा तपासून नाव सांगितलं. तुमची चिठ्ठी वाचून ती रात्री मला विचारत होती, आई, मी बरी झालेच नाही तर शाळा कायमची बंद का?"

मुलांनो, त्या दिवशी पोटात गोळा बाईंच्या आला.

गोफण आणि खडे

त्या आजाराचं नाव आहे मास्टोसायटोसिस. दचकू नका, आपण ते सोडवून बघू.

तुम्ही ज्वारीचं शेत पाहिलंय ना? कणसं भरली की पाखरांचे थवे येतात. म्हणून शेतात उंच माळा बांधतात. माळ्यावर राखण्या उभा, हातात गोफण, जवळ खड्यांची पिशवी. पाखरं उतरली की सूंऽऽ करून खडा जातो आणि थवा भुर्रकन उडतो.

आपल्या शरीरातही असे राखणे आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशींना 'मास्ट सेल' म्हणतात. वर्गात हे नाव सांगितलं तर सगळे एका सुरात ओरडले, "मस्त पेशी!" गंमत म्हणजे मुलांची कल्पना फारशी चुकली नव्हती. १८७८ साली जर्मनीत पॉल एर्लिश नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींना रंग देऊन बघत होता. काही पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या खाऊन खाऊन मातलेल्या आहेत! म्हणून त्यानं जर्मन भाषेत 'धष्टपुष्ट करणे' अशा अर्थाच्या शब्दावरून त्यांना नाव दिलं. पुढे १९०८ साली या एर्लिशला, दुसऱ्या कामासाठी, नोबेल पारितोषिक मिळालं. ते दाणे मात्र खाल्लेले नव्हते. पेशीनं स्वतःच तयार करून साठवलेले ते 'खडे' होते.

हे राखणे उभे कुठे असतात? जिथे बाहेरचं जग आपल्याला भिडतं तिथे. कातडीत, नाकात, श्वासाच्या नळ्यांत, आतड्यांत. जंत शिरले, विष टोचलं, जखम झाली की राखण्या पिशवी रिकामी करतो. त्यातल्या एका खड्याचं नाव हिस्टामिन. हिस्टामिन सुटलं की बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, कातडी लाल होते, पाणी झिरपून सूज येते, खाज सुटते, नाक गळतं.

आपण म्हणतो ना, "अंगावर पित्त उठलं"? मग आजी आमसुलाचं पाणी लावते. त्या गांधींचा यकृतातल्या पित्ताशी काही संबंध नसतो बरं का! तो असतो या राखण्यांनी केलेला खड्यांचा मारा. आमसुलाच्या पाण्यानं थंडावा वाटतो, पण गोफण थांबत नाही. त्यासाठी हिस्टामिनला अडवणारी गोळी लागते.

शरीरही चुकीची चिठ्ठी लिहितं!

मग अॅलर्जी म्हणजे काय? इथे पुन्हा एक चिठ्ठी येते.

समजा, एखाद्याच्या शरीराचा गैरसमज झाला की शेंगदाणा हा शत्रू आहे. मग शरीर एक चिठ्ठी लिहितं: "हा दिसला की मारा!" आणि ती राखण्याच्या खिशात ठेवतं. या चिठ्ठीला शास्त्रज्ञ आयजीई म्हणतात. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिख यांनी तिचा शोध लावला. चिठ्ठी लिहिली जाते तेव्हा काहीच जाणवत नाही. पुढच्या खेपेला शेंगदाणा पोटात गेला, की राखणे चिठ्ठी वाचतात आणि सगळे मिळून खडे मारत सुटतात. शेंगदाणा बिचारा पाहुणा, पण नासधूस आपल्याच पिकाची!

म्हणून "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" हे म्हणणं फसवं असतं. पावसाळ्यात मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखा दिसणारा एक विषारी समुद्री जीव वाहून येतो. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर त्याच जातीच्या जिवाचं विष अभ्यासत होते. नंतर पॅरिसला परतून त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडंसं टोचून पाहिलं. त्यांना वाटलं होतं, हळूहळू सवय होईल. झालं उलटंच! काही आठवड्यांनी तेवढंच थोडं विष पुन्हा दिलं, तर काही कुत्री मिनिटांत दगावली. अशा भयंकर झटक्याला त्यांनी १९०२ साली नाव दिलं अॅनाफायलॅक्सिस. या कामाबद्दल रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

आता आपल्या मैत्रिणीकडे येऊ. तिच्याकडे चिठ्ठीची चूक नव्हती. तिच्या कातडीत राखणेच फार झाले होते! एका माळ्यावर एक राखण्या पुरे, तिथे दहा-दहा उभे. जिथे त्यांची दाटी, तिथे तपकिरी डाग. आणि इतके जण असले की वाऱ्यानं पान हललं तरी कुणीतरी गोफण फिरवणारच. तिला कडक ऊन, एकदम गार पाणी, खूप धावपळ, जोरात घासणं, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, काही दुखण्याच्या गोळ्या आणि चक्क परीक्षेची भीती, यांतलं काहीही पुरतं. काही लोकांत राखणे मोजकेच असतात, पण फार चिडके असतात. तो याच घराण्यातला आणखी एक आजार.

हा आजार शिवल्यानं, एका बाकावर बसल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं होत नाही. त्या पेशींच्या आतल्या सूचनांमध्ये एक छोटा बदल झालेला असतो. बहुतेक मुलांत तो आई-बाबांकडूनही आलेला नसतो. कुणाचाच दोष नसतो. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे लहानपणी कातडीवर दिसणारा हा आजार पुष्कळ मुलांत मोठेपणी फिका पडत जातो.

दुसरी चिठ्ठी

मी दुसरी चिठ्ठी लिहिली. या वेळी सगळ्या पालकांना. "माझी चूक झाली. आपल्या वर्गातील मुलीचा आजार संसर्गजन्य नाही." पाठवण्याआधी ती आपल्या मैत्रिणीला आणि तिच्या आईला वाचून दाखवली. मैत्रीण म्हणाली, "बाई, 'चूक' शब्द जरा मोठा लिहा!" मी लिहिला.

मग वर्गात तिनंच मुलांना सांगितलं. "मी अंघोळ कोमट पाण्यानं करते. अंग खसाखसा पुसत नाही, मऊ पंचानं टिपते. दिवाळीत उटणं चोळत नाहीत, आई ते पाण्यात कालवून नुसतं अंगावर ओतते. रोज गोळी घेते. उन्हात फार वेळ थांबत नाही." एकानं विचारलं, "मग खो-खो खेळायचाच नाही?" ती गप्प झाली. तिला खो-खो फार आवडायचा.

त्यावर मुलांनीच तोड काढली. खेळ दुपारऐवजी सकाळी, उन्हं कोवळी असताना. आणि तिच्या पाठीवर धपाटा नाही. हात हलकेच टेकवायचा आणि 'खो' एवढ्या मोठ्यानं म्हणायचं की शेजारच्या गल्लीत ऐकू जावं! पट्टीनं डाग घासणारा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं 'खो' म्हणायचा.

तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना मी एका पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवल्या. एक प्रत कपाटाच्या दारावर, एक मुख्याध्यापकांकडे, एक आमच्या शाळेजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि दर महिन्याला आम्ही पाच मिनिटांची रंगीत तालीम करायचो. मुलांना तो खेळच वाटायचा.

जानेवारीत चिंचेखाली खो-खो चालला होता. तिच्या मानेला गांधीलमाशी डसली. मिनिटा-दोन मिनिटांत चेहरा लालभडक, अंगभर गांधी. ती म्हणाली, "बाई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय." मी क्षणभर गोठलेच. पण मुलं गोठली नाहीत. दोघींनी तिला सावलीत आडवं केलं. दोघांनी आपली दप्तरं तिच्या पायांखाली सरकवली. एकानं कपाटावरचा पिवळा कागद ओढून काढला आणि शिपाईमामांच्या हातात दिला. मामा सायकलवरून आरोग्य केंद्राकडे सुटले. मुख्याध्यापकांनी १०८ ला फोन लावला. कुणीतरी म्हणालं, "लोखंड घासा, चुना लावा!" तेव्हा सगळा वर्ग एकदम ओरडला, "घासायचं नाही!"

डॉक्टर आणि सिस्टर इंजेक्शन घेऊनच आले. मांडीत अॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. मग तिला रुग्णवाहिकेतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि रात्रभर तिथेच ठेवलं, कारण असा झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो. तिसऱ्या दिवशी ती बाकावर हजर! त्या बाकावर चौघी दाटीवाटीनं बसल्या होत्या. मला एकीला उठवावं लागलं.

हे लक्षात ठेवा

१. खाल्ल्यावर, डंख झाल्यावर किंवा औषध घेतल्यावर कुणाला अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वासाला घरघर, वारंवार उलटी, चक्कर असं होऊ लागलं, तर लगेच मोठ्या माणसाला बोलवा. एकानं बोलवायला जायचं, एकानं जवळ थांबायचं. एकट्याला सोडायचं नाही.

२. चक्कर येत असेल तर आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उभं करू नका, चालवू नका.

३. १०८ ला फोन करायला सांगा. अॅनाफायलॅक्सिसचं पहिलं औषध अॅड्रिनलिन. खाजेची गोळी त्याच्या जागी चालत नाही.

४. मधमाशीचा काटा कातडीत अडकला असेल तर लगेच काढा. गांधीलमाशी बहुधा काटा सोडत नाही. चोळत मात्र बसू नका.

५. "खाऊन तर बघ, काही होत नाही!" असा आग्रह मित्राला कधीही करू नका. एखाद्याच्या डब्यात गुपचूप दाण्याची चटणी टाकणं ही गंमत नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

आपल्याकडे दाण्याचं कूट उपवासाच्या खिचडीत असतं, कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं. तीळ संक्रांतीला घरोघरी जातात. म्हणून पाल्याला अॅलर्जी असेल तर वर्गशिक्षकांना शाळेच्या पहिल्याच दिवशी लिहून द्या: कशाची, काय होतं, काय करायचं, कोणतं औषध द्यायचं, कोणतं नाही, कुणाला फोन करायचा. अॅड्रिनलिनचं पेनासारखं इंजेक्शन काही देशांत मिळतं, आणि २०२४ साली अमेरिकेत नाकात मारायच्या फवाऱ्यालाही मान्यता मिळाली. आपल्याकडे ही साधनं सगळीकडे सहज मिळत नाहीत. तेव्हा जवळ काय ठेवायचं आणि ते कसं वापरायचं, हे आपल्या डॉक्टरांकडूनच शिकून घ्या. जवळच्या दवाखान्याला आधीच कल्पना देऊन ठेवा.

दुसरं असं, की केवळ शंकेवरून मुलाचं दूध, अंडी, डाळी, दाणे एकामागून एक बंद करत सुटू नका. वाढत्या वयात ते महागात पडतं. आधी तपासणी, मग पथ्य.

आणि एक माझ्यासारख्या शिक्षकांसाठी: आधी विचारा, मग चिठ्ठी लिहा.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, आपल्या वर्गात कुणाला काय चालत नाही, याची माहिती बाईंच्या किंवा सरांच्या मदतीनं गोळा करा. ज्यांना सांगायचं नसेल त्यांना आग्रह करू नका, ते फक्त बाईंच्या कानात सांगतील. मग एक पिवळा कागद घ्या. त्यावर १०८ हा आकडा आणि जवळच्या दवाखान्याचा फोन मोठ्या अक्षरांत लिहा, आणि कपाटाच्या दारावर चिकटवा.

आपली मैत्रीण आता हायस्कुलात गेली आहे. दर गुढीपाडव्याला तिचे बाबा तिच्या हातांवरचे डाग मोजतात. चौथीत असताना ते ४७ होते. यंदाच्या पाडव्याला तिनं मला चिठ्ठी पाठवली. चित्र काढलेली, रंगीत पेन्सिलींनी. आत एवढंच लिहिलं होतं:

"बाई, ३१. आणि खो-खोच्या संघात निवड झाली."

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. माझी पहिली चिठ्ठीही ठेवली आहे, तिच्याच शेजारी.

पुढच्या आठवड्यात भेटू या.

तुमच्या,
बाई